टी. आय. एल. टी.

मशीनच्या पाठीवरच्या पितळी पट्टीवर ११५ असा आकडा कोरलेला होता. मी तो मॉडेल नंबर समजलो आणि प्लग भिंतीत खोचला.

ते व्होल्ट होते. अमेरिकेतली घरगुती वीज आपल्यापेक्षा निम्म्या जोराची असते, हे मला माहीत होतं. टेलिफोन एक्सचेंजमध्ये टेक्निशियन म्हणून अर्धं आयुष्य काढलेल्या माणसाला ते माहीत असावंच लागतं. पण माहीत असणं वेगळं आणि प्लग लावताना आठवणं वेगळं. मशीनमधले सगळे बल्ब असे उजळले की लग्नाच्या मांडवातही इतका उजेड पाहिला नव्हता. मग 'फट्' झालं, मशीनचा फ्यूज गेला, मागोमाग घराचा गेला, आणि डोक्यावरचा पंखा रेंगाळत रेंगाळत थांबला. मे महिन्यातली नागपूरची दुपार. स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला.

"झाली दुरुस्ती?"

ही मशीन आमच्या घरी आली ती बोकारे साहेबांमुळे. बोकारे साहेब म्हणजे एक्सचेंजमधले माझे इंजिनिअर आणि त्यांच्या क्लबचे सेक्रेटरी. कामठीकडचा कुठलासा जुना क्लब बंद पडला, त्याचं सामान निघालं, त्यात साहेबांना ही पिनबॉल मशीन दिसली. तुम्ही लहानपणी बॅगाटेल खेळला असाल, तर पिनबॉल म्हणजे त्याचाच परदेशी, विजेवर चालणारा थोरला भाऊ. चार पायांचं तिरपं टेबल, वर काच. काचेखाली स्टीलची गोळी. स्प्रिंगच्या दांड्यानं गोळी वर मारायची, ती खांबांवर आपटत, घंट्या वाजवत, मार्क कमावत खाली येते. खाली दोन बाजूंना दोन छोटे दांडे, त्यांना फ्लिपर म्हणतात. त्यांनी ती पुन्हा वर टोलवायची. टोला चुकला की गोळी गेली.

"गावंडे," साहेब म्हणाले होते, "आत उघडून पाहिलं मी. सगळे रिले आहेत. तुझ्या एक्सचेंजमध्ये आहे तेच आहे यात."

ते खरं होतं. रिले म्हणजे लोखंडाच्या गाभ्याभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. वीज आली की तो गाभा चुंबक होतो, एक पट्टी ओढून घेतो आणि पट्टी दोन तारा जोडते. त्या काळात सगळ्या शहराचे टेलिफोन एवढ्या एका करामतीवर चालत. मी मनात म्हटलं, आपण नागपूरचे एवढे लोक एकमेकांशी जोडून देतो, आपल्याला एक गोळी खेळवता येणार नाही?

"कधीपर्यंत पाहिजे साहेब?"

"पुढच्या रविवारी संध्याकाळी क्लबचं गॅदरिंग आहे. तोवर चालू कर. आणि हे बघ, चालू झाल्याशिवाय ती क्लबात आणायची नाही. मेंबर हसतील."

मी हो म्हणालो. घरी येऊन बायकोला सांगितलं, तेव्हा मला कळलं की त्याच रविवारी सकाळी सुमनला पाहायला पाहुणे येणार आहेत.

सुमन म्हणजे माझी मेहुणी. शिक्षिकेच्या कोर्सला होती आणि आमच्याकडेच राहायची. वडील नव्हते, आई गावी, त्यामुळे तिचं लग्न जमवायचं काम माझ्या बायकोनं, मालतीनं, अंगावर घेतलं होतं. आधी दोन ठिकाणची मंडळी पोहे खाऊन गेली होती आणि कळवतो म्हणाली होती. अजून कळवत होती. हे तिसरं स्थळ कुहीचं. मुलगा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. सुमननं त्याचा फोटो पाहून काही म्हटलं नव्हतं, पण फोटो बहिणीला परतही दिला नव्हता. मालतीच्या जिवाला त्यामुळे जास्तच घोर.

आमचं घर अमरावती रोडला, वाडीच्या अलीकडे. नवीनच बांधलेलं. दोन खोल्या. मागची स्वयंपाकाची, पुढची बाकी सगळ्याची. आता पुढच्या खोलीत भिंतीला लागून पिनबॉल मशीन उभी होती. तिला बाहेर ठेवावी तर त्या उन्हात लाकूड तडकलं असतं.

पहिल्या दिवशी मालतीनं मशीनकडे लांबून पाहिलं, जवळून पाहिलं. मागच्या उभ्या काचेवर समुद्रकिनाऱ्यावरची एक गोरी बाई रंगवलेली होती. कपड्यांच्या बाबतीत तिनं फारच काटकसर केली होती.

"हिले आधी काही नेसवा," मालती म्हणाली. "पावण्याइनं पाह्यलं तं सुमीचं लग्न राहीन बाजूले."

सुमनचा हात चित्रकलेचा. तिनं त्याच दिवशी हिरव्या पतंगी कागदाचं नऊवारी कापलं आणि काचेवर असं बेमालूम चिकटवलं की बाई समुद्रावरून नव्हे, हळदीकुंकवाहून आल्यासारखी दिसू लागली.

मग मालती दोन पावलं मागे सरकली, डोकं एका बाजूला करून बघत राहिली.

"अहो, हे मले कललेलं दिसून राहिलं."

"कललेलंच असतं ते," मी म्हणालो. "उतार नसेल तर गोळी खाली येईल कशी? त्या खेळाचं सायन्सच ते आहे."

"तसं नाही म्हणून राहिली मी..."

"तुला नाही समजायचं ते. टेक्निकल आहे."

ती आत गेली. मी कामाला लागलो.

सीताबर्डीवरून एक ट्रान्सफॉर्मर आणला, म्हणजे आपली वीज अमेरिकेइतकी मवाळ करणारा डबा. जळालेले बल्ब बदलले. टेबलाचा वरचा पृष्ठभाग पेटीच्या झाकणासारखा उचलता येतो. तो उचलला तर खाली तारांचं जंगल. उंदरानं काही तारा खाल्ल्या होत्या, त्या डाग देऊन जोडल्या. रिलेंच्या टोकांवर काजळी धरली होती, एकेक पुसून काढली. फ्लिपर हलवणाऱ्या तारांच्या गुंडाळ्या नव्यानं गुंडाळल्या. रोज ड्यूटीवरून आलं की चहा, आणि चहा झाला की मशीन. सुमन टॉर्च धरायची.

"भाऊजी, हे रविवारपर्यंत होईन नं?"

"अगं, झालंच समज."

आणि खरंच, झालंच होतं. बल्ब लागत होते, घंट्या वाजत होत्या, फ्लिपर उसळत होते. फक्त एक गोष्ट. गोळी वर मारली, एखादी घंटी वाजली, की त्या नऊवारीवालीच्या गुडघ्यापाशी चार लाल अक्षरं पेटायची: टी, आय, एल, टी. आणि सगळं मरायचं. फ्लिपर बंद, घंटी बंद. गोळी मुकाट्यानं खाली यायची.

आता आमच्या खात्याची एक सवय सांगितली पाहिजे. आमच्याकडे सरळ शब्द कोणी वापरत नसे. जिथं शहरातल्या सगळ्या तारा येऊन मिळतात त्या चौकटीला एम. डी. एफ. ज्युनिअर इंजिनिअरला जे. ई. कँटीनमध्ये अर्धा चहा हवा असला तर पोऱ्याला 'एच. टी.' म्हणून ओरडायचं, हाफ टी. अशा माणसाला लाल चार अक्षरं दिसल्यावर तो काय समजणार? मी समजलो, हा शॉर्टफॉर्म आहे. आता फक्त लाँगफॉर्म शोधायचा.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

"काय गावंडे, चालली?"

"चालते साहेब. पण टी. आय. एल. टी. येतंय."

साहेब गंभीर झाले. माहीत नाही असं म्हणण्याची पद्धत आमच्या खात्यात साहेबांमध्ये नव्हती. त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली, छताकडे पाहिलं.

"टर्मिनल... इन्सुलेशन... लीकेज... टेस्ट," ते म्हणाले. "म्हणजे कुठंतरी करंट लीक होतोय. मशीन स्वतःच टेस्ट करते आणि सांगते. अमेरिकन माल आहे बाबा!"

मला ते इतकं पटलं की मला स्वतःला का सुचलं नाही याचं वाईट वाटलं. साहेबांनी आपला मेगर दिला. मेगर म्हणजे हँडल फिरवायचं एक यंत्र. तारेवरच्या वेष्टणातून वीज गळते का, ते त्यानं कळतं. मी हँडल फिरवलं, सुमननं तारा धरल्या. गळती कुठंच नव्हती. जिथं मला शंका आली तिथं मी तारच बदलली. टी. आय. एल. टी. चालूच.

मग मला वाटलं, रस्त्यावरचे ट्रक. आमच्या घरासमोरून दिवसभर वाडीच्या गोदामांकडे ट्रक जायचे, भांडी वाजायची. त्यानं मशीन हादरत असेल. मी खिडकीशी उभा राहून ट्रक गेला की ओरडायचो, "मार!" आणि सुमन गोळी मारायची. ट्रक असो की नसो, लाल अक्षरं पेटायचीच.

याच शोधात मला पेटीच्या आत, डाव्या बाजूला, एक वजन सापडलं. पितळेचं, भोवऱ्याएवढं, तारेनं लोंबकळणारं. त्याच्याभोवती धातूची एक कडी होती आणि वजन त्या कडीला एका बाजूनं टेकलेलं होतं. आमच्या धंद्यात काही जोड कायम उघडे असतात, वेळेवर जुळतात. काही कायम जुळलेले असतात, वेळेवर उघडतात. हे दोन धातू मला जुळलेले दिसले, म्हणून मी त्यांना कायम जुळलेल्यांत टाकलं. नुसतं टाकलं नाही. त्यांच्यावर काळा थर होता, जोड नीट बसत नसणार, म्हणून पॉलिश पेपरनं घासून घासून दोन्ही आरशासारखे केले.

त्याच्या आधी मशीन मधूनमधून थोडंफार खेळू तरी द्यायची. त्यानंतर तेही थांबलं.

शनिवारी मालतीनं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं, "उद्या हे इथंच राहणार?"

"साहेब म्हणाले, चालू झाल्याशिवाय..."

"साहेब येऊन राहिले का सुमीले पाहाले?"

तिनं ट्रंकेतली चांगली चादर काढली आणि मशीनवर पांघरली. चादरीखाली मशीन एखाद्या आजारी म्हशीसारखी दिसत होती. त्याच दिवशी सुमननं रव्याचे लाडू केले. पण तिचं अर्धं लक्ष माझ्या टॉर्चकडे होतं आणि पाक पुढं गेला. पाक पुढं जाणं म्हणजे काय, हे ज्यानं तो लाडू दाताखाली धरला त्यालाच कळतं. मी धरला. पाक पुढं गेला त्यात मशीनचा, म्हणजे माझा, वाटा होता.

रविवारी पाहुणे आले. मुलगा मोहन, त्याची आई आणि त्याचे मामा. मुलगा उन्हातान्हात काम करून रापलेला, शांत. आई कमी बोलणारी. मामा धोतर-टोपीतले, भारदस्त. निर्णय तेच घेणार, हे त्यांच्या बसण्यावरूनच कळत होतं. चादरीकडे त्यांनी दोनदा पाहिलं.

"हे काय होय गा, गावंडेभाऊ?"

"कपाट," मालती आतून म्हणाली.

सुमन बाहेर आली, नमस्कार करून बसली. पोहे झाले. शिक्षण विचारून झालं. मग मामांनी लाडू उचलला.

"पोरीनंच केले का?"

"हो," मालती म्हणाली. आवाज जरा बारीक आला.

मामांनी लाडवाला दात लावला आणि काढून घेतला. मग फोडायला म्हणून दोन्ही अंगठ्यांत धरून दाबला. पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा त्यांनी जीव लावून दाबला, आणि लाडू त्यांच्या अंगठ्यांतून असा सुटला की काय सांगू, मशीनच्या स्प्रिंगमधून गोळी तशी सुटत नव्हती. शहाबादी फरशीवर 'टक्क' आवाज झाला. लाडू फुटला नाही. क्षणभर थांबला आणि घरंगळायला लागला. मोहनच्या पायाजवळून गेला, मशीनच्या चारही पायांमधून गेला आणि पलीकडच्या कोपऱ्यात, पाणी जायच्या भोकाशी जाऊन बसला.

मामांचे अंगठे अजून तसेच हवेत होते. मालतीनं डोळे मिटले.

आणि सुमन हसली. तोंडाला पदर लावायचंही भान राहिलं नाही तिला. खळखळून हसली. मी मनात म्हटलं, गेलं हेही स्थळ.

मोहन उठला. कोपऱ्यात जाऊन वाकला, लाडू उचलला, फुंकर मारली, चारी बाजूंनी पाहिला.

"काय मजबूत आहे हो," तो म्हणाला. "असं काँक्रीट आमच्या ठेकेदारांना जमत नाही."

सुमन खाली बघत म्हणाली, "मग पाठवा त्याइले माझ्याकडं शिकाले."

"सुमे!" मालती दातओठ खात म्हणाली.

मोहनच्या मात्र डोक्यात दुसरंच काही चाललं होतं. त्यानं भोकाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. "फरशीला ढाळ दिला आहे का?"

"मीच सांगतलं होतं मिस्त्रीले," मालती म्हणाली. "उन्हाळ्यात दुपारी बादलीभर पाणी मारलं की खोली थंड होते, अन् पाणी आपोआप निंघून जाते."

"ढाळ चांगला आहे. पण मग हे कपाट..." असं म्हणत त्यानं वाकून पाहायला चादरीचं टोक उचललं, आणि चादर सरसरत खाली आली.

हिरव्या नऊवारीतली बाई सगळ्यांकडे पाहून हसत होती.

"बाप्पा!" मामा म्हणाले.

अशा वेळी शहाण्या माणसानं चादर परत टाकावी. मी समजावून सांगू लागलो. रिले म्हणजे काय, फ्लिपर म्हणजे काय, अमेरिकेची वीज किती मवाळ. मालती खुणा करत होती. मी बटण दाबलं, गोळी मारली आणि लगेच लाल अक्षरं पेटली.

"हा एकच फॉल्ट राहिला आहे," मी म्हणालो. "टर्मिनल इन्सुलेशन लीकेज टेस्ट."

"काय?" मोहन म्हणाला.

"टी. आय. एल. टी. शॉर्टफॉर्म आहे तो."

मोहननं अक्षरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. हसू ओठांत धरून ठेवायला त्याला बरेच कष्ट पडले.

"भाऊ, हा टिल्ट आहे. टिल्ट म्हणजे कललं. आमच्या लेव्हल बघायच्या यंत्राला टिल्टिंग स्क्रू असतो, तोच शब्द. आत कुठं एखादा ओळंबा लटकावला आहे का?"

ओळंबा म्हणजे भिंत सरळ आहे का बघायला गवंडी दोरीला बांधून सोडतो ते वजन. मला तो आरशासारखा घासलेला भोवरा आठवला. अंगाला घाम फुटला आणि तो मे महिन्याचा नव्हता.

खेळणाऱ्यानं लबाडीनं मशीन हलवली, तर ओळंबा कडीला लागावा आणि खेळ बंद पडावा, यासाठी ते वजन होतं. आमच्या फरशीच्या ढाळावर मशीन एका अंगाला झुकून उभी होती. पुढंमागं असायला हवा तो उतार नव्हे, आडवा. त्यामुळे ओळंबा कायमचा कडीला टेकलेला. आणि मी तो जोड पॉलिश करून पक्का केला होता.

"पायाखाली काही चपटं द्या," मोहन म्हणाला.

सुमननं कॅरमचा डबा आणला. मी मशीन उचलून धरली आणि मोहननं भोकाकडच्या दोन्ही पायांखाली सोंगट्या सरकवल्या. तो "एक अजून" म्हणायचा, सुमन हातावर ठेवायची. मी वजन तोलत उभा होतो, म्हणून मला नीट दिसत नव्हतं, पण ते काम जरुरीपेक्षा सावकाश चाललं होतं, एवढं नक्की.

ओळंबा मधोमध आला. गोळी मारली. घंटी वाजली. परत वाजली. लाल अक्षरं पेटली नाहीत.

"सरका, मले पाहू द्या," मामा म्हणाले. टोपी काढून त्यांनी काचेवर ठेवली, धोतर खोचलं आणि उभे राहिले. गोळी खाली यायला लागली तसे तेही तिच्याबरोबर वाकायला लागले. शेवटी गोळी हातची जाते असं दिसल्यावर त्यांनी मशीनला कमरेनं असा धक्का दिला की सोंगट्या करकरल्या. टिल्ट!

"काहून बंद पडलं गा?"

"मामा, तुम्ही ढकललं," मोहन म्हणाला.

"मी? मी हातबी नाही लावला!"

"कमर लावली."

"कमरीचं काय धरता गा!"

त्यांनी पुन्हा डाव मांडला. ऊन डोक्यावर आलं. आता रीत अशी, की मुलगी पाहायला आलेली मंडळी चहा-पोहे घेतात, पण जेवत नाहीत. जेवली तर पसंती दिल्यासारखं होतं. मालती दारात आली. विचारावं तरी पंचाईत, न विचारावं तरी पंचाईत.

"जेवून... जाता का?" तिनं शेवटी धीर करून विचारलं.

मामांनी गोळीवरची नजर काढली नाही. "थांबा वं जरा, माहे बॉल होऊ द्या."

मोहननं आईकडे पाहिलं. आई एवढा वेळ सुमनकडे आणि मुलाच्या हातातल्या लाडवाकडे पाहत होती. तो त्यानं अजून खाली ठेवला नव्हता.

"टाका पोळ्या, बाई," ती म्हणाली. "आता लवकर नाही निंघत आम्ही."

मालती आत पळाली. पाठोपाठ परातीत कणिक पडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ नाक ओढल्याचा.

संध्याकाळी साहेब माणसं घेऊन मशीन न्यायला आले.

"गावंडे, ही बाई अशी नव्हती."

"रिस्टोरेशन, साहेब."

"आणि ते टर्मिनल इन्सुलेशन?"

"झालं साहेब. लीकेज सापडलं."

साहेबांची मान उंचावली. त्यांना खरं काय ते सांगायचं माझ्या जिवावर आलं आणि मी आजवर सांगितलेलं नाही. पुढं कितीतरी वर्षं त्या क्लबातले मोठे मोठे वकील-डॉक्टर मशीनला धक्का लागला की एकमेकांना ओरडून सांगत, "अरे, इन्सुलेशन गेलं!"

धंद्याचं म्हणून सांगायचं तर एवढंच. मशीन उघडण्याआधी ती उभी कशावर आहे, ते बघावं. मी रिटायर होईपर्यंत नव्या पोरांना हे सांगत आलो. का ते सांगितलं नाही.

मशीन गेली तशी खोली एकदम मोठी वाटायला लागली. मालतीनं बादलीभर पाणी फरशीवर मारलं. पाणी सरळ कोपऱ्यातल्या भोकाकडे निघालं. मी खाटेवर पाय वर घेऊन बसलो होतो. तिचा मूड चांगला आहे असं पाहून मी तिला टिल्टचा सगळा प्रकार समजावून सांगितला. शब्दाचा अर्थ, ओळंबा, ढाळ, सगळं.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग खराटा भिंतीला टेकवून ठेवला.

"म्हणजे मी पह्यल्या दिवशी मराठीत सांगतलं, थे कललं आहे. मशीन आठ दिवस इंग्रजीत तेच सांगून राहिली, लाल दिवे लावू लावू. तुमाले कोणत्या भाषेत सांगा लागते, थे एकदा सांगून ठेवा नं, मी शिकून घेतो."

अजूनही ती मधूनमधून विचारते.